सेंट हेलेना : गोव्याहून गेलेला पहिला रहिवासी

आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून सुमारे १,९०० किलोमीटरवर, अटलांटिक महासागरात सेंट हेलेना हे बेट आहे. नेपोलियनच्या बंदिवासामुळे (१८१५-१८२१) ते आपणांस ठाऊक असते. परंतु त्याच्या पहिल्या ज्ञात रहिवाशाची कथा गोव्यात सुरू होते.

पोर्तुगीजांना १५०२ साली हे बेट निर्जन आढळले. फेर्नांव लोपिश हा त्यांचा सैनिक गोव्यात आदिलशाही पक्षाला मिळाला व त्याने धर्मांतरही केले. १५१२ साली आल्बुकर्कने त्याला जीवदान दिले. मात्र नाक, कान, उजवा हात व डावा अंगठा कापविला. पुढे मायदेशी जाताना तो या बेटावर उतरला व एकटाच राहिला. त्याने फळझाडे लावली, शेळ्या पाळल्या. कालांतराने रोममध्ये पोप महोदयांनी त्याला पापक्षमा दिली. त्यानंतरही त्याने मागितले ते बेटावर परतणेच.

१६५९ साली ईस्ट इंडिया कंपनीने तेथे वसाहत केली. १८३४ पासून बेट ब्रिटिश राजसत्तेकडे आहे. आज राजनियुक्त गव्हर्नर, १२ लोकनियुक्त सदस्यांचे विधिमंडळ आणि २०२१ पासून मुख्यमंत्री कारभार पाहतात. वस्ती चार हजारांच्या आसपास आहे. नियमित विमानसेवा २०१७ साली सुरू झाली.

शिक्षेने माणूस विद्रूप झाला, पण संपला नाही; क्षमेआधीच त्याचे हात इतरांसाठी झाडे लावीत होते. आम्हांस हेच मोलाचे वाटते.