सोलापूर आणि सोळा गावे

सोलापूरच्या कोणत्याही मुलाला विचारा, “तुमच्या गावाला सोलापूर का म्हणतात?” उत्तर तयार असते: “सोळा गावे मिळून झाले म्हणून!” सोळा आणि पूर. हिशेब कसा चोख बसतो! मीही लहानपणी हेच ऐकले होते.

पण विद्यार्थी मित्रांनो, जरा थांबा. ‘सोळा’मध्ये ळ आहे आणि ‘सोलापूर’मध्ये ल. ‘काल’ आणि ‘काळ’ यांत आपण कधी घोटाळा करीत नाही. मग गावाचे नाव ‘सोळापूर’ का झाले नाही? ‘सोळा’तला ळ काही उगाच आलेला नाही. संस्कृत ‘षोडश’ यातील ड चा मराठीत ळ झाला. तसेच ‘गुड’ या शब्दाचे ‘गूळ’ झाले आणि ‘तडाग’ या शब्दाचे ‘तळे’. म्हणजे शब्द मनाला येईल तसे बदलत नाहीत, त्यांच्या बदलालाही नियम असतात.

हे नियम शोधणे, जुने लेख व ग्रंथ वाचून त्यांतील शब्दांचा नेमका अर्थ आणि इतिहास ठरवणे, हे ज्या शास्त्राचे काम, त्याला इंग्रजीत फिलॉलॉजी म्हणतात. आपण त्याला भाषाविद्या म्हणू. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी १८७७ साली मुंबईत या विषयावर दिलेली व्याख्याने प्रसिद्ध आहेत. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताच्या शेकडो हस्तलिखितांतील पाठ ताडून चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, तेही याच विद्येचे काम.

आता सोलापूरचे साक्षीदार बोलावू. बाराव्या शतकात, कल्याणीच्या कलचुरींच्या काळात, सिद्धरामेश्वरांच्या या गावाचे नाव लेखांत ‘सोन्नलगे’ असे येते. पुढे त्याचा उच्चार ‘सोन्नलगी’ झाला आणि यादवांच्या अखेरीपर्यंत तो टिकला. मोहोळ तालुक्यातील कामती येथे शके १२३८ चा संस्कृत शिलालेख सापडला. शकात ७८ मिळवा, म्हणजे इसवी सन १३१६ येईल. त्यात नाव आहे ‘सोनलिपूर’. सोलापूरच्या किल्ल्यातील एका लेखात ‘सोनलपूर’, तर तेथल्याच विहिरीवरील लेखात ‘संदलपूर’. सोळा या संख्येचा कोठे मागमूसही नाही!

सोनलपूरचे सोलापूर कसे झाले असेल? एक प्रयोग करा. ‘न’ म्हणा, मग ‘ल’ म्हणा. दोन्ही वेळा जिभेचे टोक वरच्या दातांमागे जवळजवळ एकाच जागी टेकते. फरक इतकाच, की न म्हणताना हवा नाकातून जाते आणि ल म्हणताना जिभेच्या कडांवरून. आता ‘सोनलपूर’ हे दहा वेळा भराभर म्हणा. जीभ न आणि ल यांतले अंतर वाचवू पाहते. असाच न गळून पडला असावा, असे मानतात. पदार्थविज्ञानात शंका आली तर आम्ही प्रयोग पुन्हा लावतो. सातशे वर्षांपूर्वीचा उच्चार मात्र पुन्हा ऐकता येत नाही. दगडावर कोरले तेवढेच हाती लागते.

आणि लेखी पुरावाही पारखून घ्यावा लागतो बरे! इंग्रजांनी या गावाला ‘शोलापूर’ केले. पुढे कोणी नुसते त्यांचेच कागद चाळले, तर येथील माणसे स ऐवजी श म्हणत होती, असे तो खुशाल लिहून मोकळा होईल.