रिकाम्या उत्तराची परीक्षा : संगणकातील नोंदवहीला प्रश्न कसे विचारावेत



आपल्यापैकी अनेकांनी गेल्या काही वर्षांत रुग्णनोंदी आणि औषधसाठा कागदी वहीतून संगणकात आणला आहे. नोंद करणे आपल्याला जमू लागले. परंतु त्या नोंदींना प्रश्न विचारणे आणि आलेल्या उत्तराची परीक्षा करणे याकडे आपले दुर्लक्ष होते. असे दुर्लक्ष मला कसे भोवले आणि त्यातून काय शिकलो, ते प्रस्तुत लेखात सांगत आहे.

माझे चिकित्सालय डाळज येथे, पुणे-सोलापूर महामार्गालगत, उजनीच्या फुगवट्याच्या काठावर आहे. एके दिवशी एका औषधनिर्मात्याचे पत्र आले. त्यांच्या एका गुग्गुळकल्पाची ठराविक बॅच चाचणीत निकषास उतरली नव्हती. ती देणे थांबवावे आणि दिलेल्या डब्या परत घ्याव्यात, अशी सूचना होती. मी संगणकाला विचारले, ‘ही बॅच कोणाकोणाला दिली?’ क्षणार्धात ११ नोंदी पडद्यावर आल्या. कोणतीही चूक दाखविली गेली नाही. यादी छापून मी दूरध्वनी करावयास बसणार, इतक्यात एक गोष्ट खटकली. संधिवाताच्या एका आजींना तो कल्प दिल्याचे मला स्वच्छ आठवत होते, आणि यादीत त्यांचे नाव नव्हते.

नोंदींची रचना

रिलेशनल डेटाबेस म्हणजे परस्परांशी क्रमांकांनी जोडलेले तक्ते. १९७० साली आयबीएम कंपनीतील संशोधक एडगर कॉड यांनी ही कल्पना मांडली. त्याच कंपनीतील चेंबरलिन आणि बॉइस यांनी १९७४ मध्ये तिच्यासाठी प्रश्नांची भाषा सादर केली. तीच पुढे एसक्यूएल या नावाने रूढ झाली. मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस असो वा मायएसक्यूएल, मूळ भाषा हीच. या लेखात तिचे शब्द वाचनसुलभतेसाठी देवनागरीत दिले आहेत. संगणकावर ते रोमन लिपीत टंकावे लागतात.

माझ्याकडे तीन प्रमुख तक्ते आहेत. ‘रुग्ण’ या तक्त्यात रुग्णक्रमांक, नाव, गाव व भ्रमणध्वनी. ‘साठा’ या तक्त्यात साठाक्रमांक, औषध, बॅच, मुदत व खरेदीची संख्या. ‘वितरण’ या तक्त्यात दिनांक, रुग्णक्रमांक, साठाक्रमांक व दिलेली संख्या. वितरणाच्या ओळीत रुग्णाचे नाव नसते, केवळ क्रमांक असतो. त्या क्रमांकाच्या आधारे नाव शोधून जोडण्याच्या क्रियेस ‘जॉइन’ म्हणतात. माझा पहिला प्रश्न असा होता :

सिलेक्ट रुग्ण.नाव, वितरण.दिनांक
फ्रॉम वितरण
इनर जॉइन साठा ऑन वितरण.साठाक्रमांक = साठा.साठाक्रमांक
इनर जॉइन रुग्ण ऑन वितरण.रुग्णक्रमांक = रुग्ण.रुग्णक्रमांक
व्हेअर साठा.बॅच = ‘के०४७’

व्याकरणदृष्ट्या यात काहीही चुकलेले नाही. चूक होती ती नोंदींबाबत मी मनोमन धरलेल्या गृहीतकांत.

पहिला दोष : एकाच वस्तूची अनेक रूपे

त्या बॅचचा माल माझ्याकडे तीन वेळा आला होता. नोंद करणारे हात वेगळे. एकाने ‘के०४७’ लिहिले, दुसऱ्याने ‘के-०४७’, तिसऱ्याने मध्ये मोकळी जागा सोडली. माणसाला तिन्ही एकच दिसतात; संगणकाला ‘=’ या चिन्हाने विचारले की तो अक्षर न् अक्षर ताडून पाहतो. ‘रिप्लेस’ या क्रियेने रेघ व मोकळी जागा काढून मग तुलना केली, तेव्हा ११ च्या १६ ओळी झाल्या.

आपल्या भागात गावाच्या रकान्यातही हाच घोळ होतो. डाळज क्र. १, क्र. २ आणि क्र. ३ अशी तीन गावे. त्यांतील एकाच गावाची नोंद ‘डाळज नं. २’, ‘डाळज-२’ किंवा नुसती ‘डाळज’ अशीही सापडते. औषधांचे तर विचारूच नका. गुळवेल, गुडूची आणि अमृता ही संगणकाच्या लेखी तीन द्रव्ये आहेत. यावर उपाय एकच. नाव हाताने लिहू न देता सूचीतून निवडू द्यावे आणि तक्त्यात त्याचा संकेतांक ठेवावा. आयुष मंत्रालयाने २०१७ मध्ये सुरू केलेल्या ‘नमस्ते’ या संकेतस्थळावर व्याधींच्या संज्ञांना प्रमाणित संकेतांक दिले आहेत, ते याच कारणाने. आमवात कोणी कसाही लिहिला, तरी संकेतांक एकच राहतो.

दुसरा दोष : जोडणीत गळालेल्या ओळी

१६ ओळींतही आजी नव्हत्या. ‘इनर जॉइन’ची रीत अशी की, दोन्ही तक्त्यांत जुळणारी ओळ असेल तरच ती उत्तरात येते. आजींचे औषध त्यांच्या नातवाने खिडकीवरून नेले होते. गर्दीच्या वेळी रुग्णक्रमांक न लिहिताच बिल झाले होते. वितरणाची ओळ होती, साठ्यातून डबी वजा झाली होती. परंतु रुग्णक्रमांकाचा रकाना रिकामा असल्याने ती ओळ निमूटपणे गळाली.

‘रुग्ण’ तक्त्यासाठी ‘इनर जॉइन’ऐवजी ‘लेफ्ट जॉइन’ लिहिले. याने डावीकडील, म्हणजे वितरणाची, प्रत्येक ओळ राखली जाते आणि जुळणी नसल्यास नावाच्या जागी रिकामा रकाना येतो. आता १९ ओळी आल्या, त्यांपैकी तीन निनावी.

येथे आणखी एक खाच आहे. घरी जाऊन डब्या गोळा करण्यासाठी मी याच प्रश्नाच्या अखेरीस व्हेअर भागात एका गावाची अट वाढविली, आणि निनावी ओळी पुन्हा नाहीशा झाल्या. रिकामे गाव कोणत्याच गावाशी जुळत नाही. त्यामुळे लेफ्ट जॉइनने राखलेले अटीने घालविले. अशा वेळी ‘ऑर रुग्ण.रुग्णक्रमांक इज नल’ अशी जोड द्यावी, अथवा अट न घालता यादी गावाच्या क्रमाने लावून घ्यावी.

तिसरा दोष : ‘नल’, म्हणजे ठाऊक नाही

रिकाम्या रकान्यास या भाषेत ‘नल’ म्हणतात. नल म्हणजे शून्य नव्हे, ‘नाही’ असेही नव्हे. नल म्हणजे ‘ठाऊक नाही’. अज्ञात गोष्टीची कशाशीही तुलना केली तरी उत्तर अज्ञातच राहते, आणि व्हेअर केवळ निश्चित सत्य ठरलेल्या ओळीच पुढे जाऊ देते. म्हणून ‘= नल’ असे विचारल्यास कधीच काही मिळत नाही; ‘इज नल’ असेच विचारावे लागते.

याचा सर्वांत घातक अनुभव त्याच सायंकाळी आला. ज्यांना दूरध्वनी झाला त्यांची नोंद मी ‘संपर्क’ नावाच्या तक्त्यात करीत होतो. १६ ओळींमागे प्रत्यक्षात १४ रुग्ण होते, कारण दोघांनी दोनदा औषध नेले होते. त्यांपैकी ९ जणांशी बोलणे झाले होते. ‘अजून कोण राहिले?’ हे विचारण्यासाठी मी लिहिले, ‘व्हेअर रुग्णक्रमांक नॉट इन (सिलेक्ट रुग्णक्रमांक फ्रॉम संपर्क)’. उत्तर आले, शून्य ओळी. म्हणजे कोणीही राहिले नाही!

वस्तुतः पाच जण राहिले होते. संपर्काच्या तक्त्यात एक ओळ रुग्णक्रमांकाविना होती, कारण एका निनावी नोंदीबाबत कोणी स्वतःहून चौकशी केली होती. ‘नॉट इन’ म्हणजे ‘यादीतील प्रत्येकाहून भिन्न’. यादीतील एक जण अज्ञात असेल, तर राहिलेला रुग्ण त्याच्याहून भिन्न आहे असे संगणक निश्चयाने म्हणू शकत नाही. म्हणून तो कोणालाच पुढे करीत नाही. ‘नॉट इन’च्या जागी ‘नॉट एक्झिस्ट्स’ ही रचना वापरली, तेव्हा पाचही नावे आली. आतील यादीत ‘व्हेअर रुग्णक्रमांक इज नॉट नल’ ही अट घातली तरीही हा दोष टळतो.

नलचा हाच खेळ मुदतीच्या रकान्यात होतो. शार्ङ्गधरसंहितेनुसार चूर्णे दोन महिन्यांनी हीनवीर्य होतात, तर आसव, भस्मे व रसकल्प जुने झाल्याने अधिक गुणवान होतात. या परंपरेस अनुसरून चिकित्सालयात सिद्ध केलेल्या अरिष्टांपुढे मी मुदतीचा रकाना रिकामा ठेवला होता. परिणामी ‘मुदत उलटलेली’ आणि ‘मुदत शिल्लक असलेली’ अशा दोन याद्या मागविल्यावर अरिष्टे कोणत्याच यादीत आली नाहीत. दोन्ही याद्यांची बेरीज एकूण साठ्याइतकी भरते का, एवढे पाहिले असते तरी हे त्याच दिवशी लक्षात आले असते.

चौथा दोष : जोडणीतील गुणाकार

ओळी गळतात तशा वाढतातही. खरेदी किती, दिले किती, हा हिशोब लावताना मी साठा आणि वितरण जोडून दोन्ही संख्यांची एकत्र बेरीज केली. एका साठ्यातून जितक्या वेळा औषध दिले, तितक्या वेळा त्या साठ्याची खरेदी मोजली गेली. तीन मालांची खरेदी एकोणीस वेळा बेरजेत आली आणि आकडा फुगला. दोन्ही तक्त्यांची बेरीज आधी स्वतंत्र करून मग जोडल्यावर हिशोब बसला. खरेदी ६० डब्या, दिलेल्या २३, फडताळात ३७. या मेळामुळे एक खात्री झाली की, या बॅचचे नोंदीबाहेरचे वितरण उरलेले नाही.

सापडले नाही म्हणजे नाही, असे नव्हे

ही बाब एका चिकित्सालयापुरती नाही. १९९५ साली अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रास हळदीच्या व्रणरोपण गुणासाठी पेटंट मिळाले. आपल्याकडे घरोघरी ठाऊक असलेली गोष्ट तेथे नवी ठरली. डॉ. रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्यास आव्हान दिले, जुने लेखी पुरावे सादर केले आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झाले. पुढे २००१ मध्ये पारंपरिक ज्ञानाच्या डिजिटल ग्रंथालयाचे काम सुरू झाले. त्यात आपल्या ग्रंथांतील योग वर्गीकृत करून पाच आंतरराष्ट्रीय भाषांत शोधता येतील असे मांडले आहेत. ज्ञान ग्रंथांत होतेच. शोधणाऱ्याच्या प्रश्नाला सापडेल अशा रूपात ते नव्हते.

दोषशोधनाचा क्रम

वाग्भटांनी दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न ही रोगीपरीक्षा सांगितली. प्रश्न हे आपले जुनेच साधन आहे. संगणक चूक दाखवितो तेव्हा व्याधी प्रकट असते. दाखविलेली जागा आणि तिच्या किंचित आधीचा भाग पाहावा, स्वल्पविराम, कंस वा अवतरणचिन्ह राहिलेले सापडते. परंतु चूक न दाखविता चुकीचे उत्तर येते, तेव्हा तो गूढलिंग व्याधी असतो. तेथे उपशयानुसार एकेक बदल करून परिणाम पाहावा लागतो. मी पुढील क्रम पाळतो :

१. प्रश्न विचारण्यापूर्वी उत्तरात आलीच पाहिजे अशी, स्वतःला ठाऊक असलेली एक नोंद मनात धरावी. ती आली नाही, तर यादीवर विसंबू नये.

२. मोठा प्रश्न एकदम न चालविता एका तक्त्यापासून आरंभ करावा. एकेक जॉइन वाढवीत प्रत्येक वेळी ओळी मोजाव्यात. कमी झाल्या तर का गळाल्या, वाढल्या तर का वाढल्या, हे समजल्याशिवाय पुढे जाऊ नये.

३. ‘काउंट’ सर्व ओळींचा घ्यावा, तसाच त्या रकान्याचाही घ्यावा. दुसरा नल मोजीत नाही. दोहोंतील फरक म्हणजे रिकाम्या रकान्यांची संख्या.

४. ‘शून्य ओळी’ हे उत्तर शुभवार्ता समजू नये. तोच प्रश्न उलटा विचारून पाहावा.

५. ‘अपडेट’ वा ‘डिलीट’ करण्यापूर्वी तीच अट ‘सिलेक्ट’ला लावून नेमक्या कोणत्या ओळी बदलणार ते पाहावे आणि नोंदींची प्रत काढून ठेवावी.

६. रुग्णक्रमांक व बॅच हे रकाने रिकामे सोडताच येणार नाहीत अशी तक्त्याची रचना करावी. येथेही निदानपरिवर्जन हीच प्रथम चिकित्सा.

त्या तीन निनावी नोंदींपैकी एक आजींची निघाली. त्यांनी अर्धी डबी संपविली होती. उरलेली परत घेतली आणि त्यांना तपासले, सुदैवाने त्रास नव्हता. दुसरी नोंद बिलाच्या दिनांकावरून उलगडली. तिसरी मात्र उलगडली नाही. गाळप हंगामाचे ते दिवस होते, ऊसतोडणीच्या टोळ्या गावाबाहेर उतरल्या होत्या. त्यांपैकी कोणी डबी नेली असावी. हंगाम संपला, टोळ्या गेल्या. ती व्यक्ती कोण, हे मला आजतागायत कळलेले नाही. तेव्हापासून माझ्या खिडकीवर रुग्णक्रमांक आणि भ्रमणध्वनी लिहिल्याखेरीज बिल होत नाही, मग रांग कितीही मोठी असो.