लाल गोजी, हिरवा आवळा

मुलांनो, मनुकांएवढी, लालचुटुक सुकी फळं दुकानात पाहिलीत? ती गोजी. चीनमधला निंगशिया प्रदेश तिच्या शेतीसाठी प्रसिद्ध. पण घराणं आपल्या ओळखीचं बरं का : वांगी, टोमॅटो, मिरचीचं!

चिनी लोक ती सुपात, पेजेत, चहात घालतात. त्यांचे वैद्य ती डोळ्यांसाठी शेकडो वर्षं देत आले. गोजीत झिॲझँथिन हे रंगद्रव्य असतं. तेच आपल्या डोळ्यांच्या पडद्यात असतं, आणि पिवळ्या मक्यातही! म्हणजे तळवड्यात गाडीवर भाजलेलं पिवळं कणीसही काही कमी नाही. आणि कार्तिकात ज्याच्याखाली आवळीभोजन करतो, त्या आवळ्यात 'क' जीवनसत्त्व संत्र्याच्या कितीतरी पट असतं.

पालकहो, एक ध्यानात ठेवा. आजी-आजोबांना रक्त पातळ ठेवणारी वॉर्फरिनची गोळी चालू असेल, तर गोजी देऊ नका. गोळीचा परिणाम वाढून रक्तस्राव होऊ शकतो. 'फळच तर आहे' म्हणू नका, आधी डॉक्टरांना विचारा.

आणि मुलांनो, रानात लाल दिसलं की तोंडात टाकायचं नाही हं! गुंजही सुंदर दिसते, पण तिचं बी चावलं तर जिवावर बेततं.