भाग घ्यावा, पण भागीदारी पाहून

गेट-मीटिंग संपली की एखादा कामगार आम्हांला हमखास बाजूला घेतो आणि विचारतो, "भाऊ, बोनसचे पैसे आलेत. आपल्याच कंपनीचे शेअर घेऊ का?" प्रश्न साधा दिसतो. पण शेअर घेणे म्हणजे मालकीचा एक लहानसा भाग घेणे होय. आणि भाग घेणाऱ्याने आपली कंपनी दुसऱ्या कोणाशी, कोणत्या अटींवर हातमिळवणी करते, हे आधी पाहिले पाहिजे. आम्ही अर्थशास्त्र कॉलेजात शिकलो नाही. ताळेबंद वाचायला शिकलो ते पगारवाढीच्या वाटाघाटींत. म्हणून उदाहरणही घरचेच घेतो, आकुर्डीच्या बजाज ऑटोचे.

हातमिळवणीचे मुख्य प्रकार तीन. पहिला, उसन्या विद्येचा. इटलीच्या पियाजिओ कंपनीशी करार करून बजाजने वेस्पा स्कूटर बनविली. १९७१ मध्ये तो करार संपला आणि १९७२ मध्ये 'चेतक' बाजारात आली. म्हणजे करार गेला, तरी कारागिरी येथेच राहिली. पुढे जपानच्या कावासाकीशी सहकार्य झाले. पण २००१ साली स्वतःची 'पल्सर' काढून कंपनीने आपण उसनवारीच्या पलीकडे गेल्याचे दाखविले. २०१७ मध्ये कावासाकीशी असलेली भारतातील विक्रीची व्यवस्था संपली, तेव्हा कारखाना काही अडला नाही.

दुसरा प्रकार भांडवलाचा. नोव्हेंबर २००७ मध्ये बजाजने ऑस्ट्रियाच्या केटीएम कंपनीत साडेचौदा टक्के भाग घेतला. वाढत वाढत तो सुमारे ४८ टक्क्यांवर गेला. केटीएमच्या लहान मोटारसायकली चाकणला बनू लागल्या. तिसरा प्रकार, भांडवल न गुंतविता केवळ कराराचा. इंग्लंडच्या ट्रायम्फशी जानेवारी २०२० मध्ये असा करार झाला आणि २०२३ पासून त्या गाड्याही चाकणहून निघू लागल्या.

यांत फरक काय? करारात धोका मर्यादित; भांडवलात लाभही आपला आणि बुडीतही आपले. नोव्हेंबर २०२४ मध्ये केटीएम दिवाळखोरीच्या कार्यवाहीत गेली. धनकोंना येण्याच्या ३० टक्के रकमेवर समाधान मानावे लागले. तेथील शेकडो कामगारांची नोकरी गेली. ती कंपनी उभी करण्यासाठी बजाजने सुमारे ८० कोटी युरो उभे केले, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये तिचा ताबा बजाजकडे आला. हा सौदा फळेल की नाही, हे काळच ठरवील. पण भागधारकाने तो समजून घेतलाच पाहिजे.

आता कामगाराच्या बाजूने पाहा. ज्या २००७ साली ऑस्ट्रियात भाग घेतला गेला, त्याच साली आकुर्डीतील वाहनांचे उत्पादन थांबले. सुमारे २,७०० कामगारांवर त्याचा परिणाम झाला. भागधारकाच्या लेखी कंपनी चालूच होती. आकुर्डीच्या घरांच्या लेखी भोंगा बंद पडला होता. पंधरा वर्षांनी, जून २०२२ मध्ये, याच गावी विजेवरच्या चेतकचा कारखाना सुरू झाला. पण थांबलेल्या पंधरा वर्षांत कामगाराचे वय थांबत नाही!

म्हणूनच २०१३ च्या संपात चाकणच्या कामगारांनी प्रत्येकी ५०० शेअर एक रुपया दराने मागितले, तेव्हा काही लोक हसले. आम्ही हसलो नाही. मागणी मान्य झाली नाही, परंतु तिच्यातील प्रश्न खरा होता: वाढत्या कंपनीत वाढविणाऱ्याचा वाटा कोणता?

तेव्हा विचारणाऱ्या मित्राला आमचे उत्तर असे. शेअर घेण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्या. करार संपल्यावर विद्या कोणाच्या हाती राहील? भागीदार बुडाला तर आपले किती बुडेल? आणि माल कोणत्या गावी बनेल? तिन्ही उत्तरे पटली, तर शिलकीतला थोडा भाग जरूर घालावा. मात्र पगार आणि आयुष्याची शिल्लक एकाच खुंटीला टांगू नये. खुंटी निखळली, तर दोन्ही एकदमच खाली येतात.