आधी संगणकावर, मग जमिनीवर

‘घर पाहावे बांधून’ असे आपल्याकडे म्हणतात, ते उगीच नव्हे. रायपूरहून बिलासपूरकडे जाणाऱ्या महामार्गावरील सिलतरा या औद्योगिक वसाहतीत स्पंज आयर्न आणि भंगार वितळवून पोलाद तयार होते. त्यातून सळया घडतात. बांधकामावर पोहोचलेल्या सळईचा काही भाग मात्र तुकड्यांच्या रूपाने पुन्हा भट्टीकडे परततो. सळईच्या दराने घेतलेला माल भंगाराच्या दराने जातो आणि तो वितळवण्यास पुन्हा वीज लागते.

हिशेब सोपा आहे. सळई साधारणतः १२ मीटर लांबीची मिळते. ५.२ मीटरचे दोन तुकडे कापल्यावर १.६ मीटर उरते, म्हणजे १३ टक्क्यांहून अधिक. १२ मि.मी. जाडीच्या अशा हजार सळयांमागे सुमारे १.४ टन पोलाद उरते. आखूड सळया कोठे लागणार, हे आधीच ठाऊक असल्यास हेच तुकडे तेथे उपयोगी पडतात.

ऐन वेळचे बदल

अधिक हानी होते ती ऐन वेळच्या बदलांमुळे. स्लॅब पडल्यावर लक्षात येते, की सांडपाण्याचा पाइप नेमका तुळईतून जातो. मग तोडफोड आली. पोलाद निदान भट्टीत परतते. काँक्रीटचा मात्र राडारोडाच होतो. त्याच्या व्यवस्थापनासाठी केंद्र सरकारला २०१६ साली स्वतंत्र नियम करावे लागले.

‘बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग’ अर्थात ‘बिम’ या पद्धतीत संपूर्ण इमारत प्रथम संगणकावर उभी राहते. खांब, पाइप, वीजवाहिन्या एकमेकांना कोठे अडतात, हे पडद्यावरच दिसते. एक खिडकी सरकवली, की संबंधित नकाशे आणि सामानाचे परिमाण त्यानुसार बदलते. नागपूर मेट्रोने लांबी, रुंदी, उंचीला वेळ व खर्चाची जोड देणारी पंचमिती ‘बिम’ पद्धत स्वीकारली. या मेट्रोची पहिली सेवा मार्च २०१९ मध्ये सुरू झाली.

अर्थात, प्रतिकृतीत भरलेली माहिती अचूक हवी. बांधकामावर केलेला बदल तीत नोंदवला नाही, तर ती शोभेचे चित्र ठरते.

ग्राहकांसाठी बोध

लहान घरालाही हे तत्त्व लागू पडते. स्वयंपाकघर, न्हाणीघर, पाइप व विजेच्या जागा पाया खणण्यापूर्वीच ठरवाव्यात आणि वास्तुविशारदाकडून सर्व नकाशे एकत्र पडताळून घ्यावेत. तोडफोडीने काम लांबते; कर्जावरील व्याज मात्र थांबत नाही. कागदावरची रेघ खोडता येते, काँक्रीटची भिंत फोडावी लागते.