कपात जाऊन उरलेला पगार

शिक्षकांच्या कर्जबाजारीपणाची चर्चा महाराष्ट्रात सहसा दोन टोकांवर होते. एका बाजूला, वेतन आयोगांनी पगार वाढवून दिले तरी यांची कर्जे संपत नाहीत, म्हणजे खर्चाला धरबंध नाही, असा शेरा मारला जातो, तर दुसऱ्या बाजूला तुटपुंज्या वेतनाचे जुने चित्र अजूनही पुढे केले जाते. सातव्या वेतन आयोगात प्रशिक्षित प्राथमिक शिक्षकाचे मूळ वेतन २९,२०० रुपयांपासून सुरू होते आणि त्यावर महागाई भत्ता मिळतो, हे लक्षात घेता अनुदानित किंवा जिल्हा परिषद शाळेतील कायम शिक्षकाबाबत दुसरे स्पष्टीकरण आता पुरेसे नाही. आणि पहिले स्पष्टीकरण तर विचार टाळण्याचाच प्रकार आहे. या कर्जाचे मूळ पगाराच्या रकमेपेक्षा पगाराच्या खात्रीत आणि ती खात्री ज्या पद्धतीने कर्जाला जोडली गेली त्या पद्धतीत अधिक आहे.

ही पद्धत म्हणजे पगारातून होणारी कपात होय. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ४९ नुसार, पतसंस्थेचा सभासद आपल्या वेतनातून हप्ता कापून घेण्यास संमती देणारा करार करू शकतो, आणि संस्थेने तशी मागणी केल्यावर वेतन देणाऱ्या कार्यालयावर ती रक्कम कापून संस्थेकडे भरण्याचे बंधन येते. पगारदार नोकरांच्या सहकारी पतसंस्था, म्हणजे एकाच आस्थापनेतील किंवा व्यवसायातील नोकरदारांनी भागभांडवल आणि मासिक वर्गणी जमवून स्थापन केलेल्या कर्जसंस्था, याच तरतुदीवर उभ्या राहिल्या. सहकारी संस्थेला असे झुकते माप देण्याची कायद्याची वृत्ती इतरत्रही दिसली, कारण कामगारांसाठी केलेल्या वेतन प्रदान अधिनियम, १९३६ मध्येही एकूण कपातीची मर्यादा वेतनाच्या ५० टक्के ठेवताना, कपातीत सहकारी संस्थेचे देणे असेल तर ती ७५ टक्क्यांपर्यंत नेण्यात आली होती. सावकाराच्या दारात जाण्यापेक्षा आपल्याच संस्थेत जाणे बरे, हा त्यामागचा विचार होता आणि त्या काळात तो योग्यच होता. तालुक्यातालुक्यांतील शिक्षक पतपेढ्यांनी आणि अहमदनगर (आताचे अहिल्यानगर), सांगली, सातारा, कोल्हापूर येथील प्राथमिक शिक्षकांच्या सहकारी बँकांनी पिढ्यान्‌पिढ्या शिक्षकांच्या घरांना, आजारपणांना आणि मुलांच्या शिक्षणाला पैसा पुरवला. अनेक संस्थांनी सभासदाच्या अकाली मृत्यूनंतर त्याचे कर्ज फेडणारा निधीही उभारला, ज्याची बरोबरी व्यापारी बँकेचे कर्ज क्वचितच करू शकेल.

या व्यवस्थेचा दुसरा खांब जामीनदार हा आहे. कर्जदाराने रक्कम न फेडल्यास ती फेडण्याची हमी देणाऱ्याला जामीनदार म्हणतात, आणि भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १२८ नुसार, करारात वेगळे ठरलेले नसेल तर त्याची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. शिक्षकांत जामीन राहणे ही मात्र बहुधा शिष्टाचाराची बाब मानली जाते. एकाच शाळेत किंवा केंद्रात काम करणारे शिक्षक एकमेकांच्या अर्जावर सह्या करतात, ‘सर, तेवढी सही करा’ या विनंतीला नकार देणे हा संबंधच तोडण्यासारखा प्रकार वाटतो आणि सही करणाऱ्याचाही अर्ज पुढेमागे येणारच असतो. निलंबन, दीर्घ विनावेतन रजा किंवा नोकरी सुटणे अशा कारणांनी कर्जदाराचा पगार थांबला की थकबाकी जामीनदाराच्या पगारातून वळती होऊ लागते. मग स्वतः एक पैसाही न उचललेला माणूस कर्जदार होतो.

परंतु या व्यवस्थेत सर्वांत कमी बोलली जाणारी गोष्ट आहे ती ‘नवे-जुने’ करण्याची. जुन्या कर्जाची शिल्लक नव्या, मोठ्या कर्जातून भागवून उरलेली रक्कम हातात घेणे म्हणजे नवे-जुने; पीककर्जाच्या व्यवहारातही हाच शब्द रूढ आहे. त्याचा हिशेब सविस्तर पाहण्यासारखा आहे. समजा एखाद्या शिक्षकाने ५ लाख रुपये १२ टक्के दराने, शिल्लक मुद्दलावर व्याज या पद्धतीने, पाच वर्षांसाठी घेतले, तर मासिक हप्ता सुमारे ११,१२० रुपये येतो. दोन वर्षांत तो सुमारे २ लाख ६७ हजार रुपये भरतो, पण आरंभीच्या हप्त्यांत व्याजाचा वाटा मोठा असल्याने मुद्दल फक्त १ लाख ६५ हजारांनी उतरते आणि सुमारे ३ लाख ३५ हजारांचे कर्ज शिल्लक राहते. या टप्प्यावर त्याने पुन्हा ५ लाखांचे कर्ज मंजूर करून घेतले, तर हाती १ लाख ६५ हजार येतात, हप्ता होता तेवढाच राहतो आणि साठ हप्त्यांची मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. पगारपत्रकावरील आकडा बदलत नसल्यामुळे घरात कोणालाही काही घडल्याचे जाणवत नाही. हेच चक्र दर दोन वर्षांनी वीस वर्षे फिरत राहिले, तर व्याजापोटी दहा लाखांहून थोडी अधिक रक्कम जाते आणि अखेरीस ३ लाख ३५ हजारांचे देणे उरतेच. संस्थेच्या दृष्टीने असा सभासद आदर्श असतो, कारण त्याचा एकही हप्ता थकलेला नसतो.

हे कर्ज नेमके कशासाठी निघते, याचे उत्तर शिक्षकाच्या घरात शोधावे लागते. ग्रामीण महाराष्ट्रातील अनेक शिक्षक शेतकरी कुटुंबांतून आलेले आहेत, आणि अशा घरात दरमहा निश्चित येणारी रोख रक्कम म्हणजे बहुतेक वेळा शिक्षकाचा पगारच असतो. भावाची विहीर, बहिणीचे लग्न, पुतण्याच्या महाविद्यालयाची फी यांसाठी बँक शेतकऱ्याला सहजी उभे करत नाही. शिक्षकाला मात्र कपातीच्या हमीवर कर्ज लगेच मिळते, म्हणून कुटुंबाचे कर्ज त्याच्या नावावर चढते. त्याचा एक परिणाम फारसा लक्षात घेतला जात नाही. २०१७ आणि २०१९ च्या राज्य शासनाच्या शेतकरी कर्जमाफी योजनांनी शासकीय व इतर पगारदारांचा मोठा वर्ग वगळला होता, आणि पतसंस्थेचे कर्ज तर पीककर्जच नव्हे; त्यामुळे शेतीत गेलेला पैसा पगारदाराच्या नावे उचलला असेल, तर तो माफीच्या कक्षेत येण्याचा प्रश्नच उरत नाही.

नोकरीच्या आरंभीची वर्षेही कर्जाला पोषक ठरली आहेत. २००० साली सुरू झालेल्या शिक्षण सेवक योजनेत पहिली तीन वर्षे वेतनश्रेणीऐवजी मानधन मिळते. प्राथमिकसाठी ते आरंभी ३,००० रुपये होते, पुढे ६,००० झाले आणि २०२३ पासून १६,००० झाले. विनाअनुदानित शाळांतील शिक्षकांची वेतनश्रेणीसाठीची प्रतीक्षा याहून लांबलचक राहिली. शिवाय खासगी संस्थांत नेमणुकीसाठी ‘डोनेशन’ मोजावे लागते हे उघड गुपित आहे, आणि ज्यांनी त्यासाठी शेत विकले किंवा व्याजाने पैसे काढले, त्यांची नोकरी पहिल्या दिवशी देण्यानेच सुरू झाली. १ नोव्हेंबर २००५ नंतर रुजू झालेल्यांच्या बाबतीत आणखी एक दार बंद झाले. जुन्या पेन्शनच्या शिक्षकाला भविष्य निर्वाह निधीतून, म्हणजे स्वतःच्याच साठलेल्या पैशातून, अग्रिम उचलता येत असे. नव्यांना लागू झालेल्या अंशदायी निवृत्तिवेतन योजनेत तशी मोकळीक उरली नाही. मार्च २०२३ च्या जुन्या पेन्शनसाठीच्या संपात म्हातारपणाची चिंता ठळकपणे मांडली गेली, अग्रिमाची ही अडचण मात्र मागेच राहिली.

कर्जाविषयीची वृत्तीही या रचनेनेच घडवलेली आहे. किराणा दुकानातील उधारी किंवा सावकाराकडचे देणे लाजिरवाणे मानणारा शिक्षक पतपेढीच्या कर्जाला ‘कपात’ म्हणतो आणि विमा हप्त्याच्या, व्यवसाय कराच्या ओळीत बसवतो, कारण ती रक्कम त्याच्या हातात येऊन परत जात नाही. घर बांधणे आणि मुलामुलींची लग्ने या दोन कारणांसाठी काढलेले कर्ज तर कर्तबगारीतच जमा होते. प्राप्तिकर वाचावा म्हणून गृहकर्ज घ्यावे, असा सल्ला शिक्षकखोलीत अनेक वर्षे दिला गेला. जुन्या करप्रणालीत २ लाखांपर्यंतच्या व्याजावर वजावट मिळते हे खरे, पण २० टक्क्यांच्या टप्प्यातील व्यक्ती त्यातून चाळीस हजारांच्या आसपास वाचवण्यासाठी दोन लाख व्याज भरते, हे साधे गणित इतरांना गणित शिकवणाऱ्यांनीही फारसे मांडले नाही.

पतसंस्थेला आपला हप्ता दिसतो, जिल्हा मध्यवर्ती बँकेला पगार खात्यावरील आपला अधिकर्ष, म्हणजे शिलकीपेक्षा जास्त रक्कम उचलण्याची सवलत दिसते, खासगी वित्तकंपनीला आणि मोबाइलवरून काही मिनिटांत कर्ज देणाऱ्या ॲपला आपापली वसुली दिसते. या सर्वांची बेरीज मात्र कोणाच्याही कागदावर नसते. राज्य शासकीय कर्मचाऱ्यांच्या वर्तणूक नियमांत नित्याचा कर्जबाजारीपणा टाळण्याचे बंधन घातलेले आहे, आणि त्याच शासनाची वेतनप्रणाली दरमहा कर्जवसुली करून देते. कपातीनंतर पगाराचा किमान अमुक हिस्सा हातात राहावा, अशा अटी संस्था घालतात, पण ॲपचा हप्ता पगारपत्रकावर येत नसल्याने त्या अटी कागदावरच पूर्ण होतात.

सुधारणेची सुरुवात संस्थांकडूनच होऊ शकते, कारण त्या सभासदांच्या मालकीच्या आहेत. आज या संस्थांच्या निवडणुकांत शिक्षक संघटनांची पॅनेले कर्जमर्यादा वाढवण्याचे, व्याजदर अर्ध्या टक्क्याने उतरवण्याचे आणि लाभांशाचे आश्वासन देतात. लाभांशावर कायद्याने १५ टक्क्यांची कमाल मर्यादा आहे, कर्जमर्यादेच्या चढाओढीला मात्र प्रचारात कोणी अडवत नाही. वर्षभरात वाटलेल्या कर्जांपैकी किती खरोखर नवी आणि किती नवे-जुने, तसेच किती जामीनदारांच्या पगारातून वसुली चालू आहे, हे दोन आकडे अहवालात छापावेत, अशी मागणी कोणताही सभासद करू शकतो. वार्षिक सर्वसाधारण सभा आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत, घेणे संस्थेवर बंधनकारक आहे, आणि ही मागणी लेखी देण्याची जागा तीच सभा आहे.