तालुका बदलला तरी रेशन सुटत नाही

शिधापत्रिकेवरील धान्याचा हक्क कुटुंबाचा असतो, गावातल्या दुकानाचा नसतो. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत हे पक्के माहीत असणे फार गरजेचे आहे. भाताची काढणी आटोपली की पश्चिमेच्या डोंगरपट्ट्यातील महादेव कोळी, ठाकर व कातकरी कुटुंबे नारायणगाव, ओतूर, मंचरकडे शेतमजुरीला उतरतात. विघ्नहर आणि भीमाशंकर साखर कारखान्यांच्या गाळप हंगामात बाहेरच्या जिल्ह्यांतील ऊसतोड मजूरही येथे मुक्कामाला येतात.

राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा 2013 सालचा. महाराष्ट्रात त्याची अंमलबजावणी फेब्रुवारी 2014 मध्ये सुरू झाली. अंत्योदय कुटुंबाला महिन्याला 35 किलो, तर प्राधान्य कुटुंबाला माणशी 5 किलो धान्य मिळते. जानेवारी 2023 पासून ते मोफत आहे. पूर्वी शिधापत्रिका एकाच दुकानाला बांधलेली असे; गाव सोडले की धान्य बुडे. 'एक देश एक रेशन कार्ड' योजनेने ही अडचण दूर केली. ऑगस्ट 2019 मध्ये महाराष्ट्र आणि गुजरात यांच्यात तिची सुरुवात झाली आणि 2022 पर्यंत ती सर्व राज्यांत पोहोचली.

हंगामी कामासाठी जाणाऱ्याने नाव कमी करण्याची किंवा कार्ड बदलण्याची गरज नाही. घोडेगावच्या बाजूचे कार्ड नारायणगावच्या कोणत्याही रेशन दुकानात चालते. बारा अंकी कार्ड क्रमांक किंवा आधार क्रमांक सांगून पॉस मशीनवर अंगठा दिला की धान्य मिळते. घरातील काही माणसे गावीच राहिली असतील, तर बाहेर गेलेल्यांनी आपल्यापुरते धान्य उचलावे. उरलेले गावी घेता येते. मात्र कार्डावरील सर्व धान्य एका ठिकाणी उचलले, तर त्या महिन्यात दुसरीकडे काही मिळत नाही. म्हणून निघण्यापूर्वी घरात ठरवून घ्यावे, प्रत्येकाचा आधार क्रमांक शिधापत्रिकेशी जोडलेला आहे ना आणि ई-केवायसी झाली आहे ना, हे पाहावे.

कायमचे स्थलांतर असेल तर मार्ग वेगळा. लग्न होऊन जुन्नरहून आंबेगावात आलेल्या मुलीचे नाव आधी माहेरच्या कार्डातून कमी करून मग सासरच्या कार्डात वाढवावे लागते. संपूर्ण कुटुंब हलले, तर जुन्या तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत अर्ज करून कार्ड नव्या पत्त्यावर वर्ग करून घ्यावे. जुन्नर तालुक्याचे तहसील कार्यालय जुन्नरला, आंबेगावचे घोडेगावला आहे. एकच नाव दोन कार्डांवर राहिले, तर ते वगळले जाण्याचा धोका असतो.

प्रत्येक लाभ मात्र असा माणसाबरोबर चालत नाही. अमृत आहार योजनेत गरोदर आणि स्तनदा मातांना मिळणारे गरम जेवण अनुसूचित क्षेत्रातील अंगणवाड्यांपुरते आहे. आई डोंगरातून बागायती पट्ट्यात उतरली की नेमक्या गरजेच्या काळात ते तुटते. ही उणीव खरी आहे आणि ती शासनाने भरून काढायला हवी. तोवर अशा मातांनी मुक्कामाच्या गावातील अंगणवाडीत स्वतःची व मुलांची नोंद करावी, म्हणजे घरी नेण्याचा पोषण आहार तरी सुरू राहील.

'तुमचे कार्ड इथले नाही' असे सांगून दुकानदाराला पात्र कुटुंबाला परत पाठवता येत नाही. तसे घडल्यास 1967 या मदत क्रमांकावर किंवा तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत तक्रार करावी. हे धान्य कायद्याने दिलेला हक्क आहे. ते मागताना संकोच बाळगू नये.